जुन्या जीपचे बंद झालेले सुटे भाग : शोध, पारख आणि जपणूक

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ऑफ-सीझनची दुरुस्ती निघते. मिलचे रोलर उतरतात, पंप उघडतात, लेथवर बुश चढतात. आपल्या घरीही याच दिवसांत औजारांची डागडुजी होते. आणि याच सुमारास गटाच्या बैठकीत बेणे, खोडवा, पाचट यांचे बोलणे आटोपले की कोणीतरी विषय काढतो, "साहेब, आमच्या थोरल्यांची जीप शेडात पडून आहे. पार्ट बंद झालेत म्हणतात. भंगारवाला किलोवर मागतोय. देऊन टाकावी का?"

हा प्रश्न एकाचा नाही. आपल्या कार्यक्षेत्रात गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीमागे, ताडपत्रीखाली अशा कितीतरी जीपा उभ्या आहेत. काहींचे इंजिन जागेवर आहे, काहींचे पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले आहे. म्हणून या अंकात उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून आम्ही याच प्रश्नाचे उत्तर देण्याचे ठरविले आहे. उत्तराचा गाभा एका वाक्यात सांगता येईल. काढलेला जुना भाग कितीही झिजलेला असला तरी तो टाकू नका, कारण नवा भाग मिळविण्याचा नकाशा तोच आहे. हे वाक्य पुढे उलगडून सांगतो.

जीप आणि ऊसपट्टा

जीप ही मूळची लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो गावच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीने तिचे 'एमबी' मॉडेल बनविले. मागणी एवढी वाढली की त्याच आराखड्यावर फोर्ड कंपनीनेही गाड्या काढल्या, त्यांना 'जीपीडब्ल्यू' म्हणत. दोघींच्या मिळून सहा लाखांवर गाड्या तयार झाल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने आपल्या देशातही बऱ्याच गाड्या लिलावात काढल्या. त्यांनाच जुनी माणसे 'डिस्पोजलची जीप' म्हणतात.

पुढे १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीने, म्हणजे १९४८ पासूनच्या महिंद्र अँड महिंद्रने, १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. योगायोग पाहा. प्रवरेचा पहिला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. म्हणजे सहकारी कारखाने आणि देशी जीप यांचे बालपण एकाच काळातले. तेव्हा रस्ते कच्चे, ओढ्यांना पूल नाहीत आणि काळ्या रानात पाऊस पडला की बैलगाडीसुद्धा रुतायची. अशा वेळी नोंदीच्या पाहणीला, बेणे पोहोचवायला, अडल्यानडल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला जीपच धावली. म्हणून ज्याच्या घरी ती आहे त्याला ती किलोवर घालवताना जड जाते. ही नुसती भावनेची गोष्ट नाही. सुस्थितीतील, कागदपत्रे शाबूत असलेली जुनी जीप आणि तिचेच भंगार यांच्या किमतीत मोठे अंतर असते, हेही ध्यानात ठेवावे.

आधी आपली जीप ओळखा

दुकानात जाऊन 'जीपचा पार्ट द्या' म्हणणे हे 'उसाचे बेणे द्या' म्हणण्यासारखे आहे. कोणत्या जातीचे, ते कळले पाहिजे. ओळखीच्या काही खुणा सांगतो.

समोरच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतील आणि मागे उघडणारी फळी नसेल, तर गाडी बहुधा युद्धकाळातली आहे. त्यातही पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल असेल तर विलीज आणि उपड्या पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डच्या कित्येक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी 'एफ' अक्षर उमटविलेले सापडते.

जाळीला सात फटी आणि मागे फळी असेल तर ती युद्धानंतरची नागरी जीप. त्यातली 'सीजे-३बी' ही १९५३ साली अमेरिकेत निघाली आणि तोच नमुना आपल्याकडे महिंद्रने वर्षानुवर्षे बनविला. तिचे बॉनेट उंच असते. कारण असे की आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला होते, तर या 'हरिकेन' इंजिनात हवा घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर गेले.

तिसरा प्रकार डिझेल जीपचा. १९८० च्या दशकात आलेल्या 'एमएम ५४०' मध्ये प्यूजो कंपनीच्या परवान्याखाली बनलेले 'एक्सडीपी ४.९०' इंजिन होते. या आकड्याचा अर्थ सोपा आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर.

चौथा प्रकार मात्र आपल्याकडे फार. चॅसी एकीची, इंजिन दुसरीचे, गिअरबॉक्स तिसरीचा आणि मागचा एक्सल कुठला ते मिस्त्रीलाच ठाऊक. पेट्रोल परवडेना म्हणून पुष्कळांनी डिझेल इंजिने बसविली, हे त्याचे कारण. अशा गाडीचा पार्ट आर.सी. बुकातल्या मॉडेलवरून मागितला तर तो बसणारच नाही. म्हणून पहिले काम हे की एक वही घ्यावी आणि इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा एक्सल, मागचा एक्सल अशी पाच पाने करून ज्या त्या पानावर त्या त्या भागावरचे अक्षर न् अक्षर उतरून काढावे. तेल-माती रॉकेलने आणि मऊ ब्रशने साफ करावी. छिन्नी किंवा ग्राइंडर लावू नये. ओतीव कामावरचा उंच आलेला आकडा एकदा घासला गेला की गेलाच.

नाव सोडा, आकडा धरा

दुकानात नेहमी घडणारे संभाषण ऐका.

"शेठ, विलीज जीपच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आहे का?"

"काका, विलीजचा माल बंद होऊन जमाना झाला. आता कुठलं?"

"बरं, मग १८५९० चा कोन आणि १८५२० चा कप द्या."

"ते होय! ते आहे की. किती जोड देऊ?"

बेअरिंग तेच, माणूस तोच, दुकान तेच. फरक एवढाच की काकांनी जुने बेअरिंग पुसून त्यावर कोरलेला आकडा वाचला. बेअरिंग बनविणारा कारखाना जीपसाठी म्हणून वेगळे बेअरिंग काढत नाही. तो ठरलेल्या मापाचे काढतो आणि ते ट्रेलरला, यंत्राला, कशालाही चालते. जीप बंद झाली म्हणून ते माप बंद होत नाही. किंगपिनच्या बेअरिंगचेही तसेच : कोन ११५९०, कप ११५२०. आम्ही दिलेले हे आकडे जुन्या पेट्रोल जीपचे आहेत. तुमच्या गाडीत कोणी काही बदलले असेल तर तुमच्या बेअरिंगवरचा आकडाच खरा मानावा. ऑइल सील, फॅनबेल्ट, युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस यांनाही हाच नियम लावा. सीलवर शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तीन मापे असतात. ती पुसली असतील तर व्हर्नियरने घ्यावीत, आणि घेताना झिजलेल्या जागेवर न घेता कोऱ्या जागेवर घ्यावीत.

युद्धकाळातल्या गाडीचे पुस्तकही उपलब्ध आहे. अमेरिकन लष्कराचे १९४४ चे 'टीएम ९-८०३' हे चालविण्याचे व देखभालीचे पुस्तक. सुट्या भागांची लष्करी यादी 'जी-५०३' या क्रमांकाने ओळखली जाते. त्यांच्या प्रती आजही मिळतात आणि त्यांत प्रत्येक भागाचे चित्र व नंबर आहे. इंग्रजी येणाऱ्या नातवाला आजोबांशेजारी बसवून ते वाचून घ्यावे. दोघांचाही वेळ बरा जाईल.

दिसायला एक, बसायला वेगळे

येथे सभासदांचा पैसा सर्वांत जास्त बुडतो, म्हणून दोन उदाहरणे सविस्तर देतो.

पहिले उदाहरण क्राउन-पिनियनचे. जुन्या जीपांत दोन प्रमाणे प्रामुख्याने आढळतात. एकात क्राउनला ३९ आणि पिनियनला ८ दात, म्हणजे प्रमाण ४.८८. दुसऱ्यात क्राउनला ४३ आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८. पिनियनचे दात दोन्हींत आठच, त्यामुळे हातात घेतल्यावर सहजासहजी फरक कळत नाही. आता पुढच्या एक्सलला ५.३८ आणि मागच्याला ४.८८ बसविले, तर टू-व्हीलवर गाडी छान चालेल आणि मिस्त्री पैसे घेऊन जाईल. पुढे पावसाळ्यात चिखलातून निघण्यासाठी फोर-व्हील टाकली की पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतील. एक म्हणेल मी दहा फूट चाललो, दुसरे म्हणेल मी अकरा. या ओढाताणीत कडक जमीन लागताच ट्रान्सफर केसचा गिअर नाही तर एक्सलचा शाफ्ट तुटतो. सबब, जोडी घेण्याआधी दोन्ही एक्सलचे दात मोजा. खडूने एका दातावर खूण करून मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत. शिवाय क्राउन आणि पिनियन हे कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळविलेले असतात. एकाचे क्राउन आणि दुसऱ्याचे पिनियन अशी मोट बांधली तर ती ओरडत राहते आणि लवकर झिजते.

दुसरे उदाहरण कॅमशाफ्टचे. बाजूच्या व्हॉल्व्हचे जे जुने विलीज इंजिन, त्यातल्या आधीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीने फिरतो आणि नंतरच्यांत गिअरने. साखळीवरचा कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरवरचा उलट्या दिशेने. त्यामुळे कॅमशाफ्ट आणि त्यावर चालणारा ऑइल पंप हे दोन्ही वेगळे. इंजिनाचे नाव एक, बोअर-स्ट्रोक एक, पण पंप चुकीचा आणला तर पैसे आणि हेलपाटा दोन्ही वाया. पंप मागण्याआधी पुढचे झाकण उघडून साखळी की गिअर ते पाहा.

बारीक गोष्टीतही हाच धडा आहे. विलीजच्या चॅसीचे बोल्ट इंचाच्या आट्यांचे, तर प्यूजो इंजिनाचे मिलिमीटरचे. एकाच गाडीत दोन्ही नांदतात. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो, म्हणजे ८ च्या बोल्टाचा जुळा भाऊच. पण एका इंचात एकाचे आटे १८ किंवा २४ आणि दुसऱ्याचे साधारण २०. पाना लावून जोराने आवळला की दोन फेऱ्या जातो आणि भोकातले आटे खाऊन टाकतो. तसेच जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे माहीत नसलेला पोऱ्या पान्यावर उभा राहून ते सोडवू पाहतो आणि स्टडच तोडतो.

भाग कुठे शोधावा

पहिली जागा आपले स्वतःचे आणि भावकीचे शेड. हे आम्ही गमतीने लिहीत नाही. ज्या घरी एकेकाळी दोन जीपा होत्या तेथे दुसरीचे अवशेष हमखास असतात.

दुसरी जागा जुनी स्पेअर पार्टची दुकाने. पुण्याची नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, दिल्लीचे काश्मिरी गेट हे नावाजलेले बाजार. तालुक्याच्या गावातले, वडिलांच्या मागे मुलगा बसणारे जुने दुकानही पाहावे. तेथे वरच्या फळीवर न खपलेला कोरा जुना माल कधी कधी निघतो. मात्र एक भेद लक्षात ठेवा. लोखंड टिकते, रबर टिकत नाही. तेलकागदात गुंडाळलेला तीस वर्षांपूर्वीचा गिअर नव्यासारखा असतो. त्याच फळीवरचे, डबासुद्धा न फोडलेले ब्रेकचे वॉशर किंवा होजपाइप मात्र निरुपयोगी समजावेत.

तिसरी जागा जुन्या मालाचे बाजार : मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट्टै. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जुन्या जीपा बांधण्यासाठीच ओळखले जाते. येथे माल मिळतो, पण बिल घेतल्याशिवाय काही घेऊ नये. विशेषतः इंजिनाचा ब्लॉक. त्यावर नंबर असतो आणि तो बदलला की आर.सी. वर नोंद करावी लागते. चोरीच्या गाडीचा निघाला तर निस्तरताना नाकी नऊ येतात. 'नंबरसकट चॅसी देतो' म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये.

चौथी जागा परदेश. अमेरिकेत जुन्या विलीजचे भाग नव्याने बनवून विकणारे व्यापारी आहेत, फिलिपिन्समध्ये तर पूर्ण बॉड्या दाबून तयार होतात. पण घाई करू नये. आपल्याकडे हा नमुना इतकी वर्षे बनत राहिला की जीपचे भारतात बनलेले भाग परदेशातले शौकीनच मागवून घेतात. जो भाग आपण डॉलर मोजून आणणार, तो आपल्याच देशातून तिकडे गेलेला असू शकतो.

काय करून घ्यावे, काय करून घेऊ नये

जो भाग कोठेच मिळत नाही तो करून घेता येतो. आपला साखर कारखाना तरी काय करतो? मिलचे कित्येक बुश आणि पिना लेथवरच तयार होतात. तद्वत जीपचे पितळी व गनमेटलचे बुश, स्पेसर, शिम, पत्र्याचा फ्लोअर, ब्रॅकेट, पेट्रोलची टाकी हे तालुक्याच्या वर्कशॉपात उत्तम होते. पाट्यांच्या गंजलेल्या पानांच्या जागी त्याच जाडी-रुंदीची पाने बसवून मिळतात. इंजिनाचा बोअर फार झिजला असेल तर लायनर ठोकून तो परत मूळ मापावर, म्हणजे ३ इंच १ सुतावर, आणता येतो. मूळ मापाचा पिस्टन मिळत नसेल तर मोठ्या मापाचा आधी हातात घ्यावा आणि मगच बोअर करावा. बोअर आधी करून पिस्टन शोधत हिंडू नये.

ओतीव भागांसाठी कोल्हापूरच्या फाउंड्र्या जवळ आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेलेला असतो आणि नवा मिळत नाही, अशा वेळी तो ओतून घेता येतो. पण जुना भागच साचा म्हणून वाळूत दाबला तर नवा भाग लहान निघेल. बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक सूत आक्रसते. फुटाचा मॅनिफोल्ड एक सूत कमी भरला की ब्लॉकवरचे स्टड भोकांत येत नाहीत. म्हणून पॅटर्न तेवढा वाढवून करावा आणि मशिनिंगसाठी वेगळी जाडी ठेवावी. चांगला पॅटर्नवाला हे विचारल्याशिवाय कामाला हात घालत नाही. जो विचारत नाही त्याला काम देऊ नये.

आता जे करून घ्यायचे नाही ते नीट वाचा.

स्टिअरिंगचे आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉडचे बॉल, किंगपिन, चाकाचे स्टड आणि क्राउन-पिनियन हे भाग लेथवर हुबेहूब दिसतील असे होतात, पण ते ठराविक पोलादाचे, घडवलेले आणि उष्णतेची प्रक्रिया केलेले असावे लागतात. दिसण्यावर जाऊ नका. हे भाग माहितीच्या कंपनीचे नवेच घ्यावेत. तुटलेला स्टिअरिंग आर्म वेल्डिंग करून बसविणे म्हणजे घरच्या माणसांचा जीव त्या एका टाक्यावर टांगणे होय.

ब्रेकचे तर त्याहून गंभीर. आजच्या मोटारीत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा अर्धी गाडी धरतो. जुन्या जीपला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच मार्ग. चार चाकांपैकी एका चाकाचा चार आण्याचा रबरी वॉशर फाटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. घाटात किंवा उसाच्या ट्रॉलीमागे हे झाले तर काय होईल ते लिहिण्याची गरज नाही. म्हणून ब्रेकचे सर्व रबर, होज आणि गंजलेल्या नळ्या एकदम नव्या घालाव्यात. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर बाही बसवून घ्यावी किंवा सिलिंडर बदलावा. ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल घालू नये, रबर फुगून फुकट जाते. आणि जुन्या लायनरची धूळ हवेने उडवू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ते फुप्फुसात गेले तर परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे.

टायरचेही एक सांगून ठेवतो. जुन्या जीपचे माप ६.००-१६ आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरचेही एक माप ६.००-१६. रिमवर ते बसते, म्हणून काहीजण बसवितात. ट्रॅक्टरचे हे टायर ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगासाठी असते आणि त्याच्या लांब धारा शेतात वळण्यासाठी असतात, डांबरी रस्त्यावर ब्रेक धरण्यासाठी नव्हे. ते जीपला मुळीच घालू नये.

आपले इथेनॉल आणि जुना कार्ब्युरेटर

हा मुद्दा आपल्याशी दोन्ही बाजूंनी जोडलेला आहे. उसापासून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने तो टप्पा गाठला. ऊस उत्पादकाला हे लाभाचे आहे. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीची जीप बनली तेव्हा तिच्या पंपाचा पडदा, होज आणि बुचाचे गॅस्केट या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. इथेनॉलने जुने रबर फुगते किंवा ठिसूळ होते. शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे सहा-सहा महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो आणि तोच गाळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. मग मिस्त्री म्हणतो, कार्ब्युरेटर गेला, नवा आणा. आणि नवा तर मिळत नाही!

उपाय सोपा आहे. पंपाचा पडदा, होज आणि कार्ब्युरेटरची किट घेताना 'इथेनॉलला चालणारी' असे विचारून घ्यावी. टाकी साफ करून फिल्टर लावावा. गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवावे. जुना कार्ब्युरेटर बदलण्याआधी उघडून, धुऊन, जेट साफ करून पाहावा. पुष्कळदा तोच पुन्हा चालतो.

कागदपत्रांचा भाग

लोखंडाइतकाच कागद जपावा. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षे चालते आणि नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये ठरविले गेले. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तिची देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

याचा विचार भाग शोधण्याआधी करावा. गाडी रोज शेतावर न्यायची असेल तर व्हिंटेजच्या वाटेला जाऊ नये. आणि व्हिंटेज करायची असेल तर मूळ पेट्रोल इंजिन काढून ट्रॅक्टरचे इंजिन बसवू नये. माळ्यावरचे पोत्यातले मूळ इंजिन विकून टाकल्यावर हा नियम आठवला तर उपयोग काय?

कामाचा क्रम

सभासदांनी क्रम असा धरावा. आधी कागद तपासावेत. मग गाडी उघडताना मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे फोटो काढावेत, काढलेल्या भागाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी आणि डावा-उजवा लिहावे. नंतर वहीत तीन रकाने करावेत : जे साफ करून चालेल, जे करून घेता येईल, जे विकतच घ्यावे लागेल. तिसऱ्या रकान्यातला सर्वांत दुर्मिळ भाग आधी मिळवावा. तो मिळाल्याशिवाय बाकीचा खर्च करू नये. दुरुस्ती ब्रेक आणि स्टिअरिंगपासून सुरू करावी, मग एक्सल आणि गिअर, मग इंजिन, शेवटी रंग. बरेच जण आधी रंग मारतात आणि मग पैसे संपतात. चकचकीत रंगाची, ब्रेक नसलेली जीप ही रंग न मारलेल्या जीपपेक्षा जास्त धोक्याची असते.

एक सूचना

हा सर्व खटाटोप एकट्याने करण्याचे कारण नाही. आपल्याच सभासदांपैकी एकाकडे मागचा एक्सल पडून असतो आणि पाच मैलांवरचा दुसरा तोच एक्सल शोधत दिल्लीपर्यंत फोन लावत असतो. दोघांचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो, पण एकाला दुसऱ्याचे ठाऊक नसते. म्हणून शेतकी विभागाच्या प्रत्येक गट ऑफिसात आम्ही एक साधी वही ठेवीत आहोत. डाव्या पानावर 'माझ्याकडे आहे' आणि उजव्या पानावर 'मला पाहिजे'. नोंद करताना भागाचे नाव, त्यावरचा आकडा, दातांची संख्या किंवा माप आणि सभासद क्रमांक लिहावा. नुसते 'जीपचा पार्ट' असे लिहू नये. देणे-घेणे आणि किंमत सभासदांनी आपसांत ठरवावी. कारखाना त्यात पडणार नाही.

पावसाळ्यापूर्वी एक रविवार काढा. शेडातली ताडपत्री उचला, पोती सोडा, आकडे उतरून घ्या. भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी एवढे तरी करावे, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.